दुसऱ्या कडव्यानंतर

मी एक जुना बायान आहे. बायान म्हणजे काय, हे तुम्हांपैकी कोणालाही ठाऊक नसणार, असे गृहीत धरूनच मी बोलू लागतो. मित्रांनो, असे म्हणण्याचा प्रघात आहे म्हणून मी म्हणतो. आपली मैत्री झालेली नाही, आणि हे सगळे ऐकल्यावर ती होईल अशी माझी अपेक्षाही नाही.

बायान हे छातीशी धरून वाजवायचे रशियन वाद्य आहे. मधे घड्यांचा भाता असतो आणि दोन्ही बाजूंना, बोटांखाली, गोल बटनांच्या रांगा असतात. पाहणारे मला अकॉर्डियन म्हणतात. ज्याला पियानोसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, ते अकॉर्डियन. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी माझे कौतुक केले, तरी मी ते स्वीकारत नाही.

सध्या मी मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये, कपाटाच्या माथ्यावर राहतो. माझ्या शेजारी एक हार्मोनियम आहे. या घरात तिला पेटी म्हणतात आणि दर शुक्रवारी खाली उतरवून मऊ फडक्याने पुसतात. मला मात्र वर्षानुवर्षे कोणी पुसले नाही. मला हात लावायची या घरातल्या पुरुषाला लाज वाटत असे. ती का वाटत असे, तेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म रशियातल्या तूला नावाच्या शहरातल्या एका कारखान्यात झाला. त्या वर्षी त्या देशाने माणसाला अंतराळात पाठवले होते, म्हणून माझ्या छातीवर एक लहानसे रॉकेट रंगवले गेले. ते मला कधीच आवडले नाही. माझा सांगाडा बर्चच्या लाकडाचा आहे, भात्याच्या कोपऱ्यांवर पितळ आहे आणि पोटात शेकडो पोलादी जिभा आहेत. हवा जिभेवरून गेली की ती थरथरते आणि स्वर निघतो. प्रत्येक जीभ धातूच्या एका पट्टीवर असते आणि ती पट्टी लाकडावर मेणाने बसवलेली असते. मधमाश्यांचे मेण आणि त्यात थोडी राळ. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सारे त्या मेणावर अवलंबून आहे. मला घडवणाऱ्यांनी केवळ थंडीचा विचार केला होता. थंडीत मेण दगडासारखे राहते. मला कधी वाळवंटात नेतील, असे त्यांच्या मनातही आले नसेल.

मला आर्कादी नावाच्या तरुण वादकाच्या हाती देण्यात आले. तो एका सरकारी गायकवृंदात साथीला होता. त्या काळी तिकडे गायक-वादक सरकारचे नोकर असत. आम्ही खाणींवर गेलो, धरणांवर गेलो, बर्फात रुतलेल्या रेल्वेच्या वसाहतींत गेलो. गाणाऱ्यांच्या छातीवर पदके लटकत आणि ती माझ्यापेक्षा मोठा आवाज करत. त्या वृंदात निम्मे लोक सुंदर गात आणि उरलेले निम्मे मोठ्याने गात. बढती मोठ्याने गाणाऱ्यांना मिळे.

खरी गाणारी एकच होती. तिचे नाव झिनाईदा. ती बुटकी होती, पुढच्या दोन दातांत फट होती आणि मंचावर तिला हात कुठे ठेवावेत हे कळत नसे. म्हणून ती माझ्या शेजारी उभी राही आणि माझ्या भात्याच्या पितळी कोपऱ्यावर अंगठा घाशीत राही. मी एकटा वाजत असलो की त्या अंगठ्याला माझी थरथर कळे, आणि तीवरून ती अचूक जागी पुढचे कडवे उचली. तो कोपरा इतर कोपऱ्यांपेक्षा आजही उजळ आहे. आर्कादीने तिच्याशी लग्न केले. मला कोणी विचारले नाही, पण मी हरकत घेतली नसती.

तिच्या गावाकडचे एक अंगाईगीत होते. तीन कडव्यांचे, साधे. वृंद काय गाणार हे एक कलामंडळ ठरवीत असे. त्या मंडळाच्या अध्यक्षांनी ते ऐकले आणि चष्मा पुसत म्हटले, "बाळ नुसतं झोपतं. एवढं पुरेसं नाही."

"मग त्यानं काय करावं?" झिनाईदाने विचारले.

"स्वप्न पाहावं."

"कसलं?"

"धरणाचं," अध्यक्ष म्हणाले, आणि ते हसत नव्हते.

अशा रीतीने दुसऱ्या कडव्यानंतर एक नवे कडवे घालण्यात आले. त्यात ते दुधाचे दात न आलेले मूल झोपेत काँक्रीटची भिंत पाहून हसते. मी त्या कडव्याची साथ पुष्कळ वर्षे केली. माझ्या पोटातल्या प्रत्येक जिभेला त्याची किळस होती, पण वाद्याला नाही म्हणता येत नाही. ते अंगाईगीत तिकडच्या आकाशवाणीवर गाजले. टाळ्या खूप पडल्या, त्या बाळाला होत्या की धरणाला, हे कधी कळले नाही.

मग झिनाईदाचा भाऊ परदेशच्या दौऱ्यावरून परतला नाही, आणि त्या काळी हा देशद्रोह गणला जाई. तोही वादक होता. भावाचा धिक्कार करणारे चार शब्द जाहीरपणे बोल, असे तिला सांगण्यात आले. ती म्हणाली, "त्याचं जेवण मी वाढून ठेवलेलं असायचं. मी त्याचा धिक्कार कसा करू?" त्यानंतर तिचे नाव कोणी उच्चारले नाही. तिला तुरुंगात टाकले नाही, मारहाण केली नाही. आकाशवाणीत तिच्या फिती होत्या, त्यांच्यावर त्याच वृंदाची मिरवणूकगीते ध्वनिमुद्रित केली, इतकेच. फीत वाया जाऊ नये, अशी त्यांची काटकसर होती. तिचा आवाज त्या खड्या, कूच करणाऱ्या आवाजांच्या खाली कायमचा पुसला गेला. त्या देशात तिच्या गाण्याची एकही फीत उरली नाही. नंतर ती एका आरोग्यधामात भाज्या चिरीत असे आणि रविवारी तिथल्या आजाऱ्यांपुढे गात असे. आर्कादीने वृंद सोडला आणि मला घेऊन तिच्या मागे गेला. त्याच्याबद्दल माझे फारसे चांगले मत नाही, पण एवढे खरे आहे.

पुढे तो देशच मोडला. १९९५ साली मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलाला जेवणाच्या वेळी वाजवायला-गायला रशियन जोडपे हवे होते. त्या दोघांनी करार केला. राहायची सोय अल् घुब्रात झाली. विमानातून उतरताना जी हवा लागली ती मला अजून आठवते. माझ्या पोटातल्या मेणाला पहिल्यांदाच आपण मेण असल्याची जाणीव झाली. पण आर्कादी सावध होता. तो मला नेहमी थंड खोलीतून थंड टॅक्सीत आणि टॅक्सीतून थंड हॉटेलात, स्वतःच्या मांडीवर घेऊन नेत असे.

हॉटेलात लोक जेवत. मी त्यांना दोष देत नाही, भूक लागते. पण कोळंबीचे कवच फोडता फोडता अंगाईगीत ऐकणाऱ्या माणसाला मी माणूस मानायला तयार नाही. तिथेच झिनाईदाने ते धरणाचे कडवे पहिल्यांदा गाळले. आता तिला कोणाची परवानगी लागत नव्हती. ती आर्कादीला म्हणाली, "दुसऱ्या कडव्यानंतर मी थांबते. ते होतं त्या जागी तू एकटा वाजव. शब्द नकोत." तेव्हापासून ती जागा माझी झाली. माझ्या सबंध आयुष्यात कोणी मला दिलेली तेवढी एकच गोष्ट.

आता प्रफुल्लविषयी. हा पुण्याजवळच्या खडकीचा इंजिनिअर, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा. एका संध्याकाळी जिन्यात माझा आवाज ऐकून तो दारात उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या रशियन भाषेत बोलू लागला. तरुणपणी शिष्यवृत्ती मिळवून तो तिकडे शिकला होता. तो आर्कादीला ‘आर्कादी ल्वोविच’ म्हणे. वडिलांच्या नावासह हाक मारायची ती तिकडची आदबशीर रीत. त्याला त्या देशाविषयी इतके प्रेम होते, की आर्कादी ऐकता ऐकता जबडा आवळून बसे. पण झिनाईदाला तो आवडला. त्याची बायको शैला भरल्या वांग्यांचा डबा घेऊन येई, त्या दोघी एकमेकींची भाषा न कळता तासन्‌तास बोलत, आणि वर गेल्यावर शैला नवऱ्याला म्हणे, "अहो, तुमच्यापेक्षा मला जास्त रशियन कळतं."

१९९८ च्या उन्हाळ्यात झिनाईदाच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरने सांगितले, बोलता येईल, पण गाता येईल याची खात्री देत नाही. ती म्हणाली, "मग त्याआधी एकदा फितीवर गायचं. खाणाऱ्यांसमोर पुष्कळ गायले. एकदा ऐकणाऱ्यांसमोर गायचं आहे."

प्रफुल्लने मार्ग काढला. मस्कतमधल्या मराठी बौद्ध कुटुंबांचा बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम एका उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये शुक्रवारी होणार होता. पांढऱ्या कपड्यांत माणसे सतरंजीवर शांत बसतात, मधे कोणी जेवत नाही, चांगला माईक आणि टेप भाड्याने आणलेला असतो. तिथे झिनाईदाने अंगाईगीत गायचे, आणि ते ध्वनिमुद्रित करायचे. शस्त्रक्रिया त्यानंतर तीन दिवसांनी होती. तिच्या आवाजाची ती एकमेव फीत होणार होती. आणि माझ्याही.

शुक्रवारी सकाळी प्रफुल्लने मला खाली नेऊन गाडीच्या मागच्या सीटवर अलगद ठेवले, एसी चालू ठेवला आणि त्या दोघांना आणायला वर गेला. वर जे झाले ते पुढे शैला त्याला इतक्या वेळा ऐकवीत आली, की मला ते तोंडपाठ आहे.

प्रफुल्ल म्हणाला, "झिनाईदा पावलोव्हना, अंगाईगीतानंतर तुमच्या वृंदाचं ते मिरवणूकगीतही म्हणाल? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय." आणि त्याने ते गुणगुणून दाखवले.

आर्कादी उठून उभा राहिला. "हे गाणं या घरात नको."

"का? मोठं गाणं आहे ते. तिकडे आमच्या वसतिगृहाच्या वृंदात मला पहिल्या रांगेत उभं करून ते म्हणायला लावलं होतं, आर्कादी ल्वोविच. माझ्या वडिलांना गावात भजनाला अंगणाच्या बाहेर बसवायचे. बाहेर! तिथं कुणी मला विचारलं नाही की तू कोण. त्या गाण्यात मी पहिल्यांदा ताठ उभा राहिलो."

"आणि तिच्या फितीवर तेच गाणं चढवलं," आर्कादी म्हणाला. "तू ज्यात उभा राहिलास ना, त्याच्याखाली ती पुरलेली आहे."

तिथेच प्रफुल्लने थांबायला हवे होते. पण तो म्हणाला, "त्यात गाण्याचा काय दोष?"

"जा इथून. तुझ्या गाडीत मी बसणार नाही. आम्ही टॅक्सीने येऊ."

मित्रांनो, या भांडणात दोघेही खरे बोलत होते, आणि मी दोघांवरही संतापलेलो आहे. कारण त्या रागाच्या भरात मी खाली गाडीत आहे, हे आर्कादीच्या ध्यानातच राहिले नाही. एरवी मला मांडीवरून न उतरवणारा माणूस! आणि प्रफुल्ल दाणदाण पावले टाकीत खाली आला, तो मला न बघताच गाडी सुरू करून निघाला.

कार्यक्रमासाठी फळे आणायची जबाबदारी त्याच्याकडे होती. म्हणून तो अल मवालेहच्या मोठ्या फळबाजारात गेला. तिथून त्याने केळी, द्राक्षे आणि चिकू घेतले. द्राक्षे-केळी उन्हाने खराब होतील, म्हणून ती एसीत हवीत. सबब त्याने मला मागच्या सीटवरून उचलले, धूळ लागू नये म्हणून एका घोंगडीत मायेने गुंडाळले आणि डिकीत ठेवले. केळी माझ्या जागी बसली. मे महिना होता. गाडी काळी होती. हॉलखाली ती दुपारभर उन्हात उभी राहिली, कारण वर पोहोचताच तानाजी नावाचा कार्यक्रमाचा व्यवस्थापक ओरडला, "जय भीम, प्रफुल्लभाऊ! केळी आली ना? यल्ला, चला, आधी सतरंज्या धरा, लोक यायला लागले!"

तुम्ही म्हणाल, इतका शिकलेला माणूस, त्याला कळले कसे नाही? कळण्याचे त्याला कारण नव्हते. लहानपणापासून तो पेटी वाजवीत आला होता. ती पेटी याच डिकीतून, याच उन्हातून प्रत्येक जयंतीला जात असे आणि सुरात परतत असे. पेटीच्या जिभांच्या पट्ट्या लाकडावर स्क्रूने आवळलेल्या असतात. भाता आहे, जिभा आहेत, तर हीही एक पेटीच, असे त्याने धरले. त्याने मला निष्काळजीपणे वागवले नाही. त्याने मला पेटीसारखे वागवले. या दोहोंतला फरक माझ्या दृष्टीने काहीच नाही.

डिकीत काय झाले ते मी सविस्तर सांगणार नाही. घोंगडी उबदार होती, एवढेच सांगतो. आधी मेण ओले झाले. मग ते ओघळू लागले. मग वरच्या रांगेतली एक पट्टी निसटून दुसरीवर पडली आणि नंतर मी मोजायचे सोडून दिले.

संध्याकाळी बुद्धवंदना झाली. प्रफुल्लने मला वर आणून ठेवले होते. आर्कादीने मला छातीशी घेतले. तो प्रफुल्लकडे बघत नव्हता. झिनाईदा माईकपाशी उभी राहिली आणि तिचा अंगठा माझ्या पितळी कोपऱ्यावर आला. आर्कादीने भाता उघडला. माझ्या पोटातून खुळखुळ्यासारखा आवाज आला. नंतर, एका बाजूने, एकच घोगरा स्वर.

हॉलमध्ये कोणी हसले नाही. निदान तेवढे त्यांचे चांगले होते.

आर्कादीने हळूच विचारले, "कुठे ठेवला होता?"

"डिकीत," प्रफुल्ल म्हणाला. "पण घोंगडीत गुंडाळून... पेटी तर नेहमी डिकीतूनच..."

"पेटीला स्क्रू असतात. याला मेण आहे. तू इंजिनिअर आहेस ना?"

प्रफुल्लचा चेहरा मी पाहिला. मला दया आली नाही. तो म्हणाला, "मी साथ करतो. पेटीवर. मला एकदा चाल सांगा..."

"नको," झिनाईदा म्हणाली. ती रागावलेली नव्हती आणि तेच मला सहन झाले नाही. "तुला गाणं माहीत नाही, प्रफुल्ल, आणि आता शिकायला वेळ नाही. मी एकटी गाते." तिने तानाजीला हाताने खूण केली, टेप लाव.

आर्कादी मला उचलून बाहेर जिन्यात गेला. त्याने दार ओढून घेतले आणि पायरीवर बसून दोन्ही कानांवर हात दाबले. तिचे गाणे माझ्याशिवाय ऐकायची त्याची ताकद नव्हती. म्हणून त्या दिवशी ती काय गायली, हे मीही ऐकले नाही. एकच गोष्ट मला पक्की ठाऊक होती. जगात तिच्या आवाजाची एक फीत आहे आणि त्या फितीत मी नाही. पहिल्या वेळी तिला कूच करणाऱ्या गाण्याने पुसले. या वेळी मला केळ्यांनी पुसले.

शस्त्रक्रिया झाली. झिनाईदाला बोलता येऊ लागले. गाता आले नाही. हॉटेलचा करार संपला. जायच्या दिवशी आर्कादीने मला प्रफुल्लच्या दारात आणून ठेवले आणि म्हणाला, "हा तू ठेव. रोज बघ." मायेने दिलेली भेट नव्हती ती. झिनाईदाने वाकून माझ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि ती दोघे फितीची एक प्रत घेऊन मायदेशी गेली.

शैलाने माझ्या पोटातून निखळलेल्या पट्ट्या वेचून एका स्टीलच्या डब्यात भरल्या. प्रफुल्लने मूळ फीत खणात ठेवली. ती त्याने कधी लावली नाही. तो माझ्या कपाटासमोरून जाताना तोंड फिरवीत असे. शैला म्हणे, "अहो, किती वर्षं असं वाकडं चालणार? मान धरेल तुमची. एकदा ती फीत तरी लावा."

"नको."

"मग तो डबा तरी फेकू?"

"नको म्हटलं ना."

वर्षे गेली. त्यांची मुलगी प्रणाली शाळेत इंग्रजी बोलू लागली आणि मला बोट दाखवून "दॅट ओल्ड सूटकेस" म्हणू लागली. मला सूटकेस म्हणणाऱ्या पिढीकडून मी क्षमेची अपेक्षा ठेवत नाही.

मग २००६ साली, एका दुपारी, फोन आला. प्रफुल्ल उठून उभा राहिला आणि रशियन बोलू लागला. मला एकच बाजू ऐकू येत होती, पण ती पुरेशी होती.

"आर्कादी ल्वोविच?... हो, हो, मीच... फीत तुटली? कुठे?... दुसऱ्या कडव्यानंतर?... तुम्ही नेहमी तिथंच उलटी फिरवता?... नाही, मी ऐकली नाही. कधीच नाही... पाठवतो. सीडी करून पाठवतो... झिनाईदा पावलोव्हना कशा आहेत?... बरं. बरं."

फोन ठेवून त्याने खणातली फीत बाहेर काढली.

फीत घराबाहेर द्यायची नाही, असे त्याने ठरवले होते. म्हणून मस्कतच्याच रुवी भागात दुकान असलेला, रत्नागिरीकडचा बदरुद्दीन नावाचा कॅसेट-सीडीवाला शुक्रवारी आपला लॅपटॉप घेऊन घरी आला. त्याने वायर जोडली आणि फीत सुरू केली. पडद्यावर आवाजाची रेघ डोंगरांसारखी वरखाली होऊ लागली.

इतक्या वर्षांनी मी झिनाईदाला ऐकले. पहिले कडवे. दुसरे. साथीशिवाय तिचा आवाज उघडा वाटत होता, हिवाळ्यातल्या झाडासारखा. मी कडवटपणे वाट पाहू लागलो, की ती आता सरळ शेवटच्या कडव्यावर जाईल.

ती गेली नाही. ती थांबली.

हॉलमधला पंखा ऐकू येत होता. कोणी तरी खोकले. पडद्यावरची रेघ आडवी झाली होती.

बदरुद्दीन म्हणाला, "साहेब, हे बघा, मदी काय नाय. गाणंच नाय इथं. कापून टाकू काय? आणि ही जी बारीक खरखर हाय ना, तीपण काढतो. एकदम साफ होईल."

ती खरखर मी ओळखली. त्या खोलीत दुसऱ्या कोणाला ओळखता येणे शक्य नव्हते. तो एक अंगठा होता. माईकच्या दांड्यावर, धातूवर, एका लयीत घासला जाणारा. माझ्या एकल वादनाची जी लय होती, त्याच लयीत. तिने माझी जागा सोडून ठेवली होती, आणि मी नसताना ती माझ्या सुरावटीची पूर्ण लांबी मोजत उभी राहिली होती. शेवटची मात्रा संपली आणि मग तिने तिसरे कडवे उचलले. अचूक.

आर्कादी रोज तिथेच फीत का फिरवीत असे, ते मला तेव्हा कळले.

"साहेब, कापू?"

शैला स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेले हात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "काही कापू नका, भाऊ. खरखरही राहू द्या. बाई थांबलीय तिथं."

"कोणासाठी?"

शैलाने पिठाचा हात वर करून कपाटाच्या माथ्याकडे दाखवले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. प्रफुल्लनेही पाहिले, तोंड न फिरवता.

त्या दिवशी त्याने मला पहिल्यांदा खाली उतरवले. आता दर शुक्रवारी पेटीच्या आधी तो मला पुसतो. त्याने आर्कादीला फोन करून मेण किती आणि राळ किती हे विचारून घेतले आहे आणि डोंगरातल्या रुस्ताक गावच्या बाजारातून मधमाश्यांचे मेण आणले आहे. डब्यातल्या पट्ट्या तो एकेक करून बसवतो. पहिली त्याने उलटी बसवली. दुसरीही. डोंगरातल्या या मधमाश्यांच्या मेणावर माझा विश्वास नाही, आणि इंजिनिअरांवर तर नाहीच.

मित्रांनो, आता तुम्ही माझ्याकडून उपदेशाची वाट पाहत असाल. तो घ्या आणि जा. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत जिभा असलेली कोणतीही वस्तू ठेवू नका. एका वस्तूला दुसरीसारखे वागवून वर तिला घोंगडीत गुंडाळू नका. एखादे गाणे तुम्हांला ताठ उभे करीत असेल, तर जरूर उभे राहा, पण पायांखाली कोण आहे ते आधी बघा. आणि गाणारे माणूस मधेच थांबले, तर तिथे काही नाही असे म्हणून कात्री उचलू नका.

माझ्यावर मात्र दया करू नका. मला ती मानवत नाही. संध्याकाळी प्रफुल्ल ती सीडी लावतो. पहिले कडवे होते, दुसरे होते आणि ती थांबते. मी दर वेळी बरोबर वेळेवर सुरू होतो आणि बरोबर वेळेवर संपतो. आवाज होत नाही, एवढेच.